कुडलच्या वाटेवर शांतव्वांचं मौनव्रत

डावा गुडघा वाकला. उजवा वाकत नव्हता.

"जोर लावू नका," नरसम्मा म्हणाल्या. "चोळा. गरम पान्यानं चोळा."

मी टॉवेल पुन्हा पातेल्यात बुडवला. मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर होतं. भिंतीला पालथ्या लावलेल्या कढया, मध्ये सतरंजी, सतरंजीवर शांतव्वा. त्या त्याच सकाळी सोलापूरच्या एका दवाखान्यात वारल्या होत्या. आम्ही त्यांना बसवत होतो. दाराबाहेर त्यांचा मुलगा शिवानंद फोन कानाला लावून उभा होता. फोनवर त्याची मावशी थोड्या थोड्या वेळाने एकच विचारत होती. कुंद्रिसिदेनो? बसवलंस का तिला?

शांतव्वांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नरसम्मांनीही नाही. नरसम्मांना मी दोन तासांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं.

मी निघाले होते हत्तरसंग कुडलला. सीना आणि भीमा तिथे मिळतात. संगमावर जुनं देऊळ आहे आणि देवळाच्या तुळईवर एक छोटा शिलालेख. मराठीतला सर्वांत जुना, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. वर्गात मी त्याबद्दल बरीच वर्षं बोलले. पाहिला नव्हता. आदल्या संध्याकाळी पुण्याहून रेल्वेने सोलापूरला आले, स्टेशनजवळ उतरले. जाणार असाल तर तिथेच उतरा, सकाळी गाडी मिळायला सोपं जातं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या, कारण विजापूर रस्ता सोडून आत वळलं की जेवणाची हॉटेलं नाहीत. गाडीचं भाडं आधी ठरवा आणि परतीची वेळही सांगून ठेवा.

माझ्या गाडीचे चालक सलीमभाई. सोलापुरातच वाढलेले, माझ्याशी मराठीत आणि घरी फोनवर दखनीत बोलणारे. सोलापुरात पाऊस नव्हता. ऊन पडलं होतं. पाऊस वर, धाराशिवकडे आणि नगरकडे पडत होता, आणि त्याचं पाणी कोरड्या हवेत आमच्याकडे चालत येत होतं. बाहेरून येणाऱ्याला हे समजत नाही. आपण आभाळ बघतो. इथले लोक फोन करून विचारतात, वरून किती सोडलं.

सलीमभाईंनी विचारलं होतं. पूल चालू आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. सीनेचा पूल आम्ही ओलांडला तेव्हा पाणी कठड्याच्या बरंच खाली होतं, तपकिरी, आवाज न करणारं. आत वळल्यावर थोड्याच अंतरावर रस्ता संपला. पुढे ओढा होता आणि ओढा शेतात पसरला होता. उसाचे शेंडे दिसत होते. मागे फिरलो तर पुलावर पोलिसांनी अडथळे लावले होते. सलीमभाईंनी गाडी बंद केली आणि म्हणाले, "मॅडम, आता आपण हितलेच."

दोन पाण्यांच्या मध्ये, उंचवट्यावर, ते मंगल कार्यालय होतं. आमच्यासारखे आणखी वीसेक जण जमले. नरसम्मा टॉवेल-चादरींचं गाठोडं घेऊन बाजाराला निघाल्या होत्या. त्यांच्या घरात यंत्रमाग आहे, घरातली भाषा तेलुगू. कदम सर निवृत्त मुख्याध्यापक, स्कूटरवर रेनकोट घालून. ऊन असताना रेनकोट का, असं कुणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले, पूर आहे ना. बाकीचे ट्रॅक्टरवाले, एक कुटुंब, औषधांच्या कंपनीचा एक माणूस. मॅनेजरने दार उघडलं, पंखे लावले. पंखे लागलीच बंद झाले, कारण वीज गेली.

शेवटी शववाहिनी आली, पूल बंद व्हायच्या आधी ओलांडून आलेली आणि ओढ्यावरून मागे फिरलेली.

मॅनेजर पायरीवर आडवा उभा राहिला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शुभकार्याची जागा आहे. मालक कडक आहेत. इथे मयत आणलं हे कळलं तर दिवाळीनंतरच्या तारखा रद्द होतील. शिवानंद शववाहिनीच्या दाराला टेकून उभा होता. पस्तिशीचा असेल. चाकणला कंपनीत असतो. त्याच्या शर्टाच्या खिशाला कंपनीचं ओळखपत्र अजून लटकत होतं, रात्रपाळीवरूनच निघाला असावा.

नरसम्मा गाठोड्यावर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आत्ता कुनाचं लगीन हाय तुमच्याकडं? पितरपाठ चालू हाय. सगळ्यांच्या घरी पितरं जेवायला यायलीत. तुमच्याकडं एक येऊ द्या की."

मॅनेजर बाजूला झाला.

मग मावशीचा फोन आला आणि आम्हाला कळलं की घाई कसली आहे. शिवानंदच्या लोकांत, लिंगायतांत, माणसाला आडवं करून पाठवत नाहीत. अंघोळ घालतात, मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि बसलेलंच पुरतात. शांतव्वांना त्यांच्या शेतात, नवऱ्याच्या समाधीशेजारी बसायचं होतं. हे त्यांनी दवाखान्यातही सांगितलं होतं. दुसरं काही मागितलं नव्हतं. शेतात खड्डा खणून तयार होता. गाव ओढ्याच्या पलीकडे, इथून झाडं दिसण्याइतकं जवळ. पण दवाखान्यातून त्यांना स्ट्रेचरवर दिलं होतं, आणि अंग आखडत चाललं होतं. आत्ता बसवलं नाही तर पुढे बसवता येणार नव्हतं.

वडील गेले तेव्हा शिवानंद शाळेत होता. त्याने लांबून पाहिलं होतं. आमच्यापैकी कुणालाच हे करता येत नव्हतं. सलीमभाई म्हणाले, आमच्यातही मातीच देतात, पण झोपवून, तोंड पश्चिमेला करून, तेवढं सांगा, करतो. कदम सरांनी एकदा हे पाहिल्याचं सांगितलं आणि मग पाहिलं नसल्याचं मान्य केलं. म्हणून मावशी फोनवरून सांगत होती. ती कानडीत बोलायची, शिवानंद दाराबाहेरून मराठीत सांगायचा, नरसम्मा आणि मी आत करायचो. बाईला बाईनेच अंघोळ घालायची, हे मावशीने सगळ्यात आधी सांगितलं होतं.

उजवा गुडघा वाकला तेव्हा काही मोडल्यासारखा आवाज येईल, असं मला वाटत होतं. आला नाही. नरसम्मांनी गाठोड्यातली नवी चादर काढून शांतव्वांना गुंडाळली आणि एका टॉवेलने मांडी बांधली. मागावर सुताला मारतात तशी गाठ मारली, ओढली की घट्ट होणारी. मग त्यांनी शांतव्वांच्या पायाला हात लावला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. मी विचारलं नाही.

प्लास्टिकच्या खुर्चीत त्या एका बाजूला झुकत होत्या. मॅनेजर बघत होता. तो आतल्या खोलीत गेला आणि परत आला.

"नवरीची नको," तो म्हणाला. "नवरीकडची मान्सं खुर्ची निरखून बघत्यात. नवरदेवाची घ्या. नवरदेवाला कोन विचारतंय."

अशा रीतीने शांतव्वा नवरदेवाच्या लाल मखमलीच्या खुर्चीत बसल्या. मागे सोनेरी थर्माकोलमध्ये शुभ विवाह. मॅनेजरने मांडवाची प्लास्टिकची झेंडूमाळ आणली, ती घातली. विभूती शिवानंदच्या पिशवीत होती. लिंग तळहातावर ठेवताना त्याला आईची बोटं उघडावी लागली. ती सहज उघडली. तेव्हा तो पहिल्यांदा रडला. जास्त नाही. फोन चालू होता, मावशी पलीकडून ऐकत होती.

दुपार गेली. माणसं कशालाही सरावतात. सुरुवातीला सगळे हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. मग खिचडी झाली आणि ताटं घेऊन पुढे सरकले. खुर्चीसमोरून जाताना जो तो जरा वाकायचा, चप्पल काढायचा. औषधांच्या माणसाने घामाने ओला झालेला शर्ट नवरीच्या खुर्चीवर वाळत घातला, मग शांतव्वांकडे बघून उचलला आणि त्यांनाच सॉरी म्हणाला.

कदम सरांनी समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः. समितीने पहिला ठराव शोकाचा केला, दोन मिनिटं उभं राहून तो मंजूर झाला. दुसरा ठराव शिस्तीचा होता, त्याला कुणी अनुमोदन दिलं नाही. मी हसले. त्या दुपारी आम्ही पुष्कळदा हसलो, शिवानंदसुद्धा. सरांनी त्याला चिरंजीव म्हणून हाक मारली की तो उठून उभा राहायचा, शाळेत असल्यासारखा.

चारच्या सुमाराला तालुक्याहून मॅनेजरला फोन आला. बोट येते आहे. आधी आजारी माणसं, मग म्हातारी, मग लेकरांच्या आया. शिवानंदने फोन मागून घेतला आणि विचारलं, मयत असेल तर? पलीकडच्या माणसाने सांगितलं की बोट माणसांसाठी आहे. उद्धट बोलला नाही. यादीत तसा रकाना नव्हता, इतकंच.

शिवानंद खाली बसला. एवढ्या उकाड्यात उद्यापर्यंत ठेवायचं कसं, हा प्रश्न होता.

युक्ती कदम सरांची. शांतव्वा आजारी आहेत, असं सांगायचं. बोलत का नाहीत? मौन आहे. बोटीत बसल्या की ओढ्याच्या पलीकडे उतरवून घ्यायचं, पुढे गाव आहेच. बसलेल्या आहेतच, सर म्हणाले, अर्धं काम झालेलं आहे.

सलीमभाईंना ते पटलं नाही. "खोटं कशाला? मयत हाय म्हनून सांगा. समोर आल्यावर मयताला कोन न्हाय म्हनत न्हाय."

पण फोनवर न्हायच म्हटलं होतं. ट्रॅक्टरवाले सरांच्या बाजूने झाले. औषधांचा माणूस म्हणाला, आजाराचं नाव मी सांगतो. नरसम्मांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मला ते चांगलं वाटलं. वीस परक्या माणसांनी एका बाईसाठी मिळून खोटं बोलायचं ठरवलं होतं, आणि मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला असेल.

शिवानंद म्हणाला, "आईला चालंल का?" मग तोच म्हणाला, "शेतात गेली तर चालंल."

बोट आली तिच्यात चार जवान होते आणि एक भाऊ. भाऊ म्हणजे त्या भागातले पुढारी. सगळे त्यांना भाऊच म्हणत होते. पांढऱ्या कपड्यांवर केशरी लाइफ जॅकेट. मागे एक मुलगा मोबाइल उंच धरून. भाऊ आत आले तेव्हा हॉलमध्ये उजेड कमी होता आणि समोर मखमली खुर्चीत, गळ्यात हार घालून, एक आजी बसल्या होत्या. भाऊ सरळ त्यांच्याकडे गेले.

"अव्वा, आराम इद्दीरी?" त्यांनी कानडीत विचारलं. बऱ्या आहात ना?

शांतव्वा बोलल्या नाहीत.

"मौन आहे त्यांचं," कदम सर म्हणाले. "पितृपक्षाचं."

"आणि तब्येत?"

"गंभीर आहे."

भाऊंनी पायांना हात लावला. मला वाटलं, संपलं. पण पुराच्या पाण्यातून आलेल्या सगळ्यांचेच पाय त्या दिवशी गार होते. भाऊ मोबाइलकडे वळले आणि म्हणाले की या संकटातही आजींनी आपलं व्रत सोडलेलं नाही, हीच आपल्या मातीची ताकद आहे, आणि आजींना मी स्वतः घेऊन जाणार आहे. शांतव्वांच्या मांडीवर त्यांनी बिस्किटं आणि पाण्याची बाटली असलेली पिशवी ठेवली. पिशवीवर त्यांचा फोटो होता.

जवानाने विचारलं, पेशंटबरोबर कोण? शिवानंद पुढे झाला.

"आमचं गाव हितंच हाय," तो म्हणाला. "ओढ्याच्या पलीकडं. तिकडं सोडा आमाला."

"तिकडं दवाखाना आहे?"

"न्हाय."

"मग तिकडं नेऊन काय करू? पेशंट सोलापूरला जाणार. नदीपलीकडं अँब्युलन्स उभी आहे."

हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. वीस माणसांच्या, एका मुख्याध्यापकाच्या, माझ्या. आजारी माणसाला दवाखान्यात नेतात.

"तिला दवाखान्याची गरज न्हाय," शिवानंद म्हणाला.

"मुलं असंच म्हणतात," भाऊ म्हणाले. "काळजी करू नको. आम्ही आहोत."

एक वाक्य पुरलं असतं. आई वारली आहे. सकाळपासून ते वाक्य त्याने मॅनेजरला, आम्हाला, चाकणच्या साहेबाला, सगळ्यांना सांगितलं होतं. पण आता समोर मोबाइल चालू होता, आणि ते सांगितलं असतं तर सगळे खोटे पडले असते, आणि भाऊ सगळ्यांत जास्त. त्याने सरांकडे पाहिलं. सर मोबाइलकडे बघत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ते वाक्य बोलू शकत होते. मी बोलले नाही.

खुर्ची बोटीत मावत नव्हती. जवानांनी शांतव्वांना प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवलं. आता त्या झुकल्या नाहीत. जॅकेट घातल्याशिवाय बोटीत कुणाला घेत नाहीत, म्हणून त्यांना जॅकेट घातलं. बक्कल लावताना जवानाचा हात त्यांच्या गळ्याशी थांबला. त्याने शिवानंदकडे पाहिलं. मग बक्कल लावलं, पट्टा ओढला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, घट्ट धरा त्यांना."

शिवानंदला जॅकेट उरलं नव्हतं. भाऊंच्या अंगात एक होतं.

बोट नदीकडे गेली. गाव दुसऱ्या दिशेला होतं. शिवानंद आईच्या खुर्चीला दोन्ही हातांनी धरून बसला होता आणि ओढ्याकडे बघत होता.

अंधार पडल्यावर त्याचा फोन आला. दवाखान्यात तपासलं आणि मृत म्हणून सांगितलं. त्याने सकाळचा दाखला दाखवला, तर ते म्हणाले, सकाळी वारल्या तर बोटीतून पेशंट म्हणून कशा आल्या? आता पुरातला मृत्यू, चौकशी होईल, कापाकापी होईल, उद्या-परवा ताब्यात देतील.

"आत ठिवलीय," तो म्हणाला. "आडवी. फळीवर मावंना म्हनून गुडघे दाबले त्यांनी." मग म्हणाला, "चिक्कव्वाला तुमी सांगा, मॅडम. माझ्यानं न्हाय सांगवत." चिक्कव्वा म्हणजे मावशी. मी तिचा नंबर लावला. लागला नाही.

कुडलला जायचं असेल तर दिवाळीनंतर जा. रस्ता चांगला आहे, सोलापूरहून तासाभराचा. शिलालेख मी अजून पाहिलेला नाही. घरी आल्यावर भाऊंचा व्हिडिओ मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. खाली पुष्कळांनी आजींना नमस्कार केला आहे. मी कडेला उभी दिसते, हातात ओला टॉवेल आहे. शांतव्वांना शहरातल्या रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या स्मशानात, पुरलं. बसवता आलं नाही. हे शिवानंदने एका ओळीत कळवलं, त्यानंतर त्याचा फोन नाही. मीही केलेला नाही. नरसम्मांचा येतो. चादरी पाठवू का असं विचारतात, आणि मग शिवानंदचा काही फोन आला का, तेही. वीस माणसांतल्या एकानेही त्या दिवशी वाईट हेतूने काही केलं नाही. मला हे पुन्हा पुन्हा तपासून पाहावं लागतं, आणि प्रत्येक वेळी ते खरं निघतं.

बोट गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अजून कार्यालयातच होतो, आणि ओढा उतरला होता. पलीकडून माणसं चालत आली, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी खांद्यावर बांबूचं विमान आणलं होतं, म्हणजे बसवून न्यायची तिरडी, केळीचे खांब आणि खरी झेंडूची फुलं लावलेली. पुढे एक बारीक बाई होती, लुगडं खोचलेली. आवाजावरून मी तिला ओळखलं. खड्ड्यात पाणी शिरलं होतं, ते पहाटेपासून उपसून काढलं, असं ती म्हणाली, आणि बहीण कुठे आहे असं विचारलं. मी सांगितलं. तिला मराठी समजत होतं, तरी मी ते दोनदा सांगितलं. तिने विचारलं, बसली हुती न्हवं नीट? मी म्हटलं, हो, नीट बसल्या होत्या. गावाकडचा रस्ता मोकळा होता. सीनेचा पूल बंदच होता. त्यांनी विमान भिंतीला टेकवलं आणि पूल उघडायची वाट बघत आमच्याबरोबर बसले.